दोघींची माती

निरोप आला तेव्हा महादेवराव सातपुते चहात बटर बुडवत होते. फोनवर सरकारी चिन्ह होतं आणि खाली चार ओळी : 'नातेशोध केंद्र, मानखडी. आपल्या जनुकनकाशाशी निकटचे नाते दर्शवणारे मानवी अवशेष आढळले आहेत. नाते : जन्मदात्री. कृपया भेटीची वेळ ठरवावी.'

त्यांनी तो दोनदा वाचला. तोवर बटर कपात विरघळून तळाला गेलं. त्यांनी फोन मुलाकडे दिला.

तुषारनं वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मानखडी म्हणजे ते जुनं कुष्ठधाम ना? डोंगरातलं? बाबा, आजी तर तापानं गेली होती."

"हो. तिच्या माहेरी."

"मग यांची काहीतरी चूक झाली असणार."

"असेल," महादेवराव म्हणाले. पण त्यांना त्याच क्षणी आपली बहीण आठवली. शेवंताअक्का.

महादेवरावांची आई, तुळसाबाई, १९७३ साली गेली असं घरात सगळ्यांना माहीत होतं. ते तेव्हा पाच वर्षांचे होते. अक्का दहाची. आई माहेरी गेली, तिथं ताप आला, तिथंच तिचं सगळं उरकलं, असं वडिलांनी सांगितलं होतं. इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत सकाळपासून मागांचा खडखडाट असायचा. त्यात कुणी फार प्रश्न विचारले नाहीत. विचारले ते फक्त अक्कानं. "आई तापानं गेली नाही. काकानं तिला जीपमध्ये बसवलं. मी बघितलंय. तिनं हात पदरात लपवले होते," असं ती सांगायची. त्यासाठी तिनं वडिलांचा मारही खाल्ला. पितृपंधरवड्यात आईच्या नावानं पान वाढलं की अक्का ताटावरून उठायची. "जित्या माणसाच्या नावाचं मी जेवणार नाही," म्हणायची. लग्न होऊन ती विट्याला गेली, तरी त्या दिवसासाठी माहेरी आली की तिचा हाच हेका.

महादेवराव तिला समजवायचे. "अक्का, तू लहान होतीस गं. काहीतरी बघितलंस आणि डोक्यात घट्ट बसलं तुझ्या." पुढं एका वर्षी, बहुधा १९९९ साली, अक्का काही न बोलता पानावर बसली आणि जेवली. महादेवरावांना तेव्हा बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी का होईना, आपलं म्हणणं तिला पटलं, असं त्यांना वाटलं होतं.

आता ती ऐंशीची होती आणि विट्यातच होती. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हती.

"आत्याला फोन करू?" तुषारनं विचारलं.

"नको," महादेवराव म्हणाले. "आधी खरं काय ते बघू दे."

*

मानखडीचं कुष्ठधाम बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. रोगच जवळजवळ संपला होता. बराकी पडल्या होत्या, पण टेकडीमागचं दफनस्थान आणि कार्यालयातल्या वह्या शाबूत होत्या. दोन वर्षांपूर्वी, २०४१ साली, तिथं नातेशोध केंद्र उघडलं. केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम मुजावर चाळिशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी महादेवरावांना आणि तुषारला आधी पाणी दिलं आणि मग टेबलावर एक जाडजूड नोंदवही उघडली.

"इथं साठ वर्षांत अकराशे माणसं पुरली गेली," त्या म्हणाल्या. "जातधर्म काही असो, सगळ्यांना पुरायचेच. पण या वहीतली निम्मी नावं खोटी आहेत. घराची अब्रू जाऊ नये म्हणून लोक येतानाच दुसरं नाव सांगायचे. गावाचा रकाना कोराच. म्हणजे वही आहे, हाडं आहेत, पण माणूस कोण ते कळत नाही. शिवाय खाली कातळ. नवा खड्डा खणायचा म्हणजे सुरुंग लावायचा. म्हणून जुनेच खड्डे पाच-सहा वर्षांनी उघडून दुसऱ्या माणसाला त्यातच ठेवायचे."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

नसीमबाईंनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. तिथं तिपाईवर बसवलेली एक पोकळ नळी मातीत शिरत होती. "ती नळी बोटभर जाडीची माती वर काढते. माणूस मेल्यावर त्याचा डीएनए तुटतो, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. काही हाडात राहतात, काही मातीच्या कणांना चिकटून बसतात. चिकणमाती ते फार चांगले धरून ठेवते. ते सगळे तुकडे आमचं यंत्र वाचतं. आम्ही त्याला चाळण म्हणतो. पण एका खड्ड्यात दोन माणसं असली की दोघांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले. तुम्ही काम काय करायचात?"

"माग होते माझे. आठ."

"मग तुम्हाला लगेच कळेल. समजा, दोन साड्या कातरून बोटभर चिंध्या केल्या आणि एका पोत्यात भरल्या. तुमच्यासारखा माणूस चिंधी बघून सांगेल, ही या काठाची, ही त्या. सूत वेगळं, पीळ वेगळा, रंग वेगळा. चाळण तेच करते, फक्त कोट्यवधी चिंध्यांवर. शेवटी दोन साड्या जुळून येतात. थोड्या विटक्या, कुठं कुठं भोकं पडलेल्या, पण दोन वेगळ्या. मग त्या आम्ही राज्याच्या जनुकनोंदीशी ताडून बघतो."

महादेवरावांचा नकाशा त्या नोंदीत होता. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा रक्त पातळ करण्याचं औषध देण्याआधी दवाखान्यानं त्यांचं रक्त घेतलं होतं. कुणाला कोणतं औषध मानवेल ते आता जनुकं बघूनच ठरायचं. सोबतच्या अर्जावर 'नातेशोधास संमती' असा एक चौकोन होता. तुषारनं त्यात बरोबरची खूण केली होती आणि दोघंही ते विसरून गेले होते.

"मुलाचा निम्मा नकाशा आईकडून येतो," नसीमबाई म्हणाल्या. "तुमचा निम्मा नकाशा खड्डा क्रमांक एकतीसमधल्या एका बाईशी जुळतो. वहीत त्यांचं नाव गंगू. क्रमांक चारशे अठरा. आल्या १९७३ च्या मार्चमध्ये. वारल्या १९९९ च्या मे महिन्यात."

तुषारनं वडिलांकडे पाहिलं. महादेवराव वहीकडे बघत होते. ९९ साली ते एकतीस वर्षांचे होते. तुषार तेव्हा रांगत होता. इचलकरंजीहून मानखडी एसटीनं तीन तासांवर.

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले.

"हो. आणि आणखी एक गोष्ट आहे. सांगू का, ते तुम्ही ठरवा."

"सांगा."

"या रोगाच्या जंतूला मेणासारखं कवच असतं. त्यामुळे त्याचा डीएनए हाडात शेकडो वर्षंसुद्धा टिकतो. इथल्या बहुतेकांच्या हाडांत तो सापडतो. तुमच्या आईच्या हाडांत आम्ही तीनदा शोधला. सापडला नाही. ८३-८४ मध्ये इथं नवी औषधं सुरू झाली. वहीतही तसा शेरा आहे. त्या पूर्ण बऱ्या झाल्या होत्या."

"बरी झाली होती, तर घरी का आली नाही?"

नसीमबाईंनी टेबलाचा खण ओढला. मग त्यांनी दुसरी, बारकी वही पुढं केली. वर लिहिलं होतं, 'रजा'. त्यात जांभळ्या शाईत एक नोंद होती :

'क्र. ४१८, गंगू. रोगमुक्त. दोन दिवसांची रजा, इचलकरंजी. १९ एप्रिल १९८६. त्याच दिवशी परत. मुलगा भेटला. ओळख दिली नाही.'

तुषारनं ती मोठ्यानं वाचली आणि शेवटच्या वाक्याशी त्याचा आवाज बारीक झाला. महादेवराव उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बारावीची परीक्षा संपली होती. वीज गेली होती, म्हणून माग बंद होते, म्हणूनच कडी वाजलेली ऐकू आली. दारात एक बाई. विटका पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतलेला. धोंडीराम सातपुते इथंच राहतात का, असं तिनं विचारलं. वडील सूत आणायला गेलेत, बसा, असं महादेव म्हणाला. ती बसली नाही. पाणी मागितलं. त्यानं तांब्या दिला. तिनं तो दोन मनगटांत धरून, वर धरून, ओठ न लावता पाणी प्यायलं. घरात बायामाणसं कोण, असं विचारलं. कोणी नाही, माझी आई मी लहान असतानाच वारली, असं तो म्हणाला. कशानं, तिनं विचारलं. तापानं, तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं बाळा, येते," म्हणून गेली.

हे सगळं खरंच घडलं होतं, की वहीतल्या तीन शब्दांवरून आपण आत्ता रचतोय, ते महादेवरावांना कळेना. पण तांब्या धरलेली मनगटं त्यांना स्पष्ट दिसत होती.

"तिला मीच सांगितलं," ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "तू मेलीस, म्हणून."

*

घरी परतताना गाडीत ते एवढंच बोलले, "तिला तिथं ठेवायची नाही."

कायद्यानं ते शक्य होतं. नातं सिद्ध झालं की वारसाला अवशेष मागता यायचे. चाळणीमुळे आता एका खड्ड्यातली हाडंसुद्धा ज्याची त्याला वेगळी करून देता येत होती. पहिल्या वर्षातच चाळीसएक घरांनी आपली माणसं परत नेली होती. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या यायच्या, फोटो यायचे.

"बाबा, आत्याला विचारायला नको?" तुषारनं दोनदा विचारलं.

"सगळं झाल्यावर सांगू. एकदम सांगू. तिला आता कुठं प्रवास झेपणार आहे?"

हे अर्धंच खरं होतं. अक्काला सांगायचं म्हणजे १९ एप्रिलचं सांगावं लागलं असतं. ज्या बहिणीला सत्तर वर्षं खोटं ठरवलं, तिच्यापुढं जाऊन, तू म्हणत होतीस ते खरं होतं, आणि आई दाराशी आली तेव्हा मी तिला परत पाठवलं, हे सांगायची त्यांची छाती नव्हती. आईला घरी आणून, तिचे विधी करून, हातात काहीतरी घेऊन ते अक्कापुढं जाणार होते. अर्जात 'इतर वारस' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'एक बहीण, वृद्ध, येण्यास असमर्थ. माझी संमती हीच तिची संमती.'

फेब्रुवारीत खड्डा उघडला. महादेवराव छत्रीखाली खुर्ची टाकून बसून होते. वरून कातळासारखी दिसणारी माती आत ओलसर, काळी होती. केंद्राची माणसं कुंचल्यांनी काम करत होती. एकेक हाड निघालं की त्याला सुईएवढं भोक पाडून चिमूटभर भुकटी चाळणीत जायची, पडद्यावर हिरवा किंवा पिवळा ठिपका यायचा, आणि हाड त्या त्या रंगाच्या तबकात जायचं. हिरवं तबक आईचं. पिवळं दुसऱ्या बाईचं.

"ती दुसरी कोण?" महादेवरावांनी विचारलं.

"हौसा. क्रमांक दोनशे चौदा. ९३ साली वारल्या. त्यांचं कुणी जुळलेलं नाही अजून."

महादेवरावांनी मान हलवली. त्यांच्या मनात एकच गोष्ट डाचत होती. सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला स्वतःचा खड्डासुद्धा मिळू नये. कुणा परक्या बाईच्या अंगावर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसीमबाई त्यांच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "मोठी हाडं सगळी झाली. आता हातांची राहिलीत. दोघींच्या बोटांची हाडं झिजून अगदी तांदळाएवढी झालीत आणि एकमेकींत पूर्ण मिसळलीत. इतकी बारीक हाडं आम्ही सहसा वेगळी करत नाही. जिथं आहेत तिथंच राहू देतो."

"का?"

"वेळ फार लागतो. आणि..." त्या थांबल्या. "आमच्या घराण्याकडं एका दर्ग्याची देखभाल आहे, पिढ्यान्पिढ्या. लहानपणापासून कबरींतच वाढले मी. मला वाटतं, काही राहिलं तर राहू द्यावं."

"माझ्या आईचं एकही हाड इथं राहता कामा नये," महादेवराव म्हणाले. "किती दिवस लागले तरी मी बसेन."

तीन दिवस लागले. ते बसले. तांदळाएवढं एकेक हाड चिमट्यात धरून, वाचून, हिरव्या नाहीतर पिवळ्या तबकात ठेवलं जात होतं. शेवटचं हाड पिवळ्यात गेलं तेव्हा नसीमबाईंनी कागदावर त्यांची सही घेतली. हौसाबाईंचं पिवळं तबक एका पेटीत गेलं आणि पेटी पुन्हा खड्ड्यात.

इचलकरंजीच्या स्मशानात पन्नासएक माणसं आली. तुषारनं सगळ्यांना खरं कारण सांगितलं होतं आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. काहींचे तर डोळे भरून आले. ज्या भीतीनं आईला घराबाहेर काढलं, ती भीती कधी नाहीशी झाली ते कुणाला कळलंही नव्हतं. महादेवरावांनी अग्नी दिला. राख नरसोबाच्या वाडीला संगमावर सोडली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी हात जोडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

*

अक्का विट्याच्या घरात, मधल्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसली होती. सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"वाळलास रे म्हादू," अक्का म्हणाली. "खातोस का नाही?"

"खातो की." त्यांनी पिशवीतून नातेशोध केंद्राचा दाखला काढून तिच्या हातात दिला. वर आईचं खरं नाव छापलेलं होतं, तुळसाबाई धोंडीराम सातपुते. "अक्का, तू म्हणायचीस ते खरं होतं. आई मेली नव्हती. मानखडीला होती. ९९ सालापर्यंत."

अक्कानं चष्मा लावून दाखला वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"माहितीये मला," ती म्हणाली.

महादेवरावांना वाटलं, तिला नीट कळलं नाही. "अक्का, मानखडी म्हणजे..."

"मला मानखडी ठाऊक आहे रे. दहा वर्षं जात होते मी. काकानं मरताना सांगितलं मला, ८९ साली. तुझे दाजी आणि मी, दोघंच गेलो पहिल्यांदा. मग दर वर्षी. देवाला जाते म्हणून सांगायचे इकडं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिनंच घातली शपथ. म्हणाली, म्हादूला कळू देऊ नको. त्याला कळलं की दारात आलेली ती मीच, की स्वतःला खात बसेल जन्मभर."

"तुला ते पण माहीत आहे?"

"शंभरदा ऐकलंय मी." अक्काच्या चेहऱ्यावर पुसट हसू आलं. "प्रत्येक वेळी तेच सांगायची. मुलगा माझ्याहून उंच झालाय. मिसरूड फुटलंय. पाणी मागितलं तर तांब्या घासून, विसळून आणला, आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. बसा म्हणाला. कोण कुठली बाई, कपडे तसले, तरी बसा म्हणाला. कोण आनंद झालेला तिला. त्या बराकीतल्या सगळ्या बायकांना पाठ होतं ते."

महादेवरावांनी तोंड फिरवलं. दोन महिने ते एकच वाक्य उगाळत होते, तू मेलीस म्हणून मीच तिला सांगितलं. तांब्या विसळला होता हे त्यांना आठवतही नव्हतं.

"मग ती बोलली का नाही? मी तुझी आई, एवढंच म्हणायचं."

"बाबांनी बाहेर दुसरं घर केलं होतं तेव्हा, ते तिला आधीच कळलं होतं. तुझं शिक्षण व्हायचं होतं, लग्न व्हायचं होतं. ती बघायला आली होती. बघितलं आणि परत गेली. आणि परत म्हणजे घरीच गेली म्हण ना. तिकडं हौसामावशी होती."

"कोण?"

"हौसामावशी. औंधाकडची. आई तिथं आली त्या दिवसापासून दोघी एकत्र. मावशीच्या हातांची बोटं पार गेलेली, आईची थोडीफार उरलेली, पण पायांना जाणीव नव्हती. आई तिला भरवायची, ती आईच्या पायाला काटा लागला का ते रोज बघायची. वीस वर्षं. मी गेले की मावशी माझ्यासाठी भाकरीचा तुकडा राखून ठेवायची, आईला न सांगता." अक्का थांबली. "मावशी गेली तेव्हा आई दोन महिने बोलली नव्हती. मग मी गेले तर माझा हात धरून म्हणाली, शेवंता, माझं झालं की मला हौसाच्या खड्ड्यात ठेवायला सांग. दुसरीकडं नको. मी तिथल्या साहेबांना सांगून ठेवलं. ते भले होते. म्हणाले, लिहायला रकाना नाही, पण करू. आणि केलं त्यांनी. मी होते तेव्हा. माझ्या देखत ठेवलं तिला, मावशीच्या कुशीला. त्या साली घरी आले आणि तिच्या नावाचं जेवले पहिल्यांदा."

महादेवरावांची नजर अक्काच्या मांडीवरच्या दाखल्यावर गेली.

अक्कानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "म्हादू, तुला हा दाखला कशासाठी दिला त्यांनी?"

त्यांनी सांगितलं. खाली बघून, सगळं सांगितलं. खड्डा, दोन तबकं, तीन दिवस, शेवटचं हाड. स्मशान. माझी संमती हीच तिची संमती, हेही सांगितलं.

अक्का ओरडली नाही. रडलीही नाही. तिनं मांडीवरचा दाखला उचलून पलंगावर बाजूला ठेवला.

"बोटंसुद्धा वेगळी केलीत?"

"हो."

"राख कुठं सोडलीस?"

"वाडीला. संगमावर."

"पाण्याला भ्यायची रे ती," अक्का म्हणाली. "नदीत पाय घालायची नाही कधी."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. महादेवराव म्हणाले, "मला सांगायचंस गं अक्का. एवढ्या वर्षांत एकदा."

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "आई गेल्यावर तरी शपथ मोडायला हवी होती. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. मग वाटायचं, आता कशाला त्याच्या जिवाला घोर." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आणि तू विचारलं असतंस, खड्डा उघडायच्या आधी, तर मी सांगितलंच असतं."

*

मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आत, तुषारनं अक्काला मानखडीला नेलं. चाकाच्या खुर्चीतून तिला टेकडीमागं नेलं. एकतीस नंबरवर नवी माती होती आणि हौसाबाईंच्या नावाची लहानशी पाटी. अक्का तिथं तासभर बसली. महादेवराव थोडं लांब उभे होते, तरी तिचं बोलणं त्यांच्या कानावर येत होतं. "मावशी, चूक आमची झाली. तुझ्याजवळून नेली तिला. पोरगं बिचारं भलं करायला गेलं."

नसीमबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या आपल्या खोलीत दार लावून बसल्या. आठवड्याभरानं त्यांनी नवा नियम लिहून वर पाठवला : कोणताही सामायिक खड्डा उघडण्यापूर्वी हयात असलेल्या प्रत्येक वारसाशी समक्ष बोलावं. मंजुरी यायला वेळ लागणार होता. अर्ज तर रोज येत होते. यंत्र चालूच होतं.

"तुम्ही याल का?" त्यांनी महादेवरावांना विचारलं. "लोकांशी बोलायला. आमचं कुणी ऐकत नाही. त्यांना वाटतं आम्ही टाळाटाळ करतोय."

तेव्हापासून दर शनिवारी महादेवराव पहिल्या एसटीनं मानखडीला जातात आणि कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. अर्ज घेऊन आलेल्यांशी बोलतात. काहीजण ऐकतात. एकदा साताऱ्याचं एक कुटुंब अर्ज परत घेऊन गेलं, आणि आजोबांच्या खड्ड्यावर त्यांच्यासोबत पुरलेल्या दोघांचीही नावं कोरून घेतली. बहुतेक लोक ऐकत नाहीत. आपलं माणूस परक्यांत पडलंय हे कळल्यावर कुणालाच धीर निघत नाही. महादेवरावांना ते कळतं. ते वाद घालत नाहीत.

अक्का जूनमध्ये गेली. शेवटच्या दिवसांत तिनं आईचा विषय पुन्हा काढला नाही, त्यांनीही काढला नाही. दोघं पत्ते खेळत बसायची.

परवाच्या शनिवारी निपाणीचा एक माणूस आला. पन्नाशीचा, घामाघूम, हातात अर्ज. त्याच्या पणजीचा शोध लागला होता, सत्तावन्न नंबरमध्ये, आणखी तिघांबरोबर. त्याला लगेच सही करायची होती, संध्याकाळची गाडी गाठायची होती.

"घरात कुणी जुनं माणूस आहे का?" महादेवरावांनी विचारलं.

"चुलती आहे एक. नव्वदीची. तिला काय आठवणार?"

"तिला विचारलंत?"

"अहो काका, चार माणसांच्या ढिगात पडलीय आमची पणजी. यात काय विचारायचं?" त्यानं बाकावर टेकून अर्जाची पानं उलटली, सहीची जागा शोधली, आणि मग पेन तसंच धरून म्हणाला, "तुमचंही कुणी होतं का इथं?"

"आई होती."

"मग? तुम्ही विचारलं होतं कुणाला?"

"नाही," महादेवराव म्हणाले, आणि सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली.